डाव्या डब्याची तक्रार

संपादकांनी निरोप पाठवला, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा." लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, गमती फारशा नव्हत्या, ओझी होती. सागाची चौकट, जाड प्लायवूड, आत लोहचुंबकाचा गोळा लावलेला स्पीकर. असा एक डबा खरं तर दोन माणसांनी उचलायचा. मी तो बरीच वर्षं एकट्याने उचलला. आता सकाळी कंबर माझ्याआधी जागी होते आणि मला उठू देत नाही.

वर्ध्याला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात हळूहळू लोकांना स्टिरिओचं वेड लागलं. कोणाचा भाचा आखातात गेला, कोणी मुंबईला साडूकडे ऐकून आला, आणि मग "आम्हालेबी तसंच पाह्यजे" सुरू झालं. तयार परदेशी सेट परवडणारे थोडे. बाकीच्यांसाठी मी मुंबईहून स्पीकर मागवायचो, सुताराकडून डबे करून घ्यायचो, आत कापूस भरायचो. कापसाला आपल्याकडे काय तोटा! डबा पोकळ राहिला तर आवाज आतल्या आत घुमतो आणि गाणारा विहिरीत पडल्यासारखा वाटतो. कापूस तो घुमारा गिळतो. किती भरायचा याचं काही माप नव्हतं. भरायचं, ऐकायचं, उघडायचं, थोडा काढायचा, पुन्हा ऐकायचं. या उघडझाकीतच माझं निम्मं आयुष्य गेलं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणसाला कान दोन. डावीकडून हाक आली तर ती डाव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठी पोचते. तेवढ्या फरकावरून डोकं ओळखतं की माणूस तिकडे आहे. स्टिरिओमध्ये हीच युक्ती. दोन डब्यांतून थोडा थोडा वेगळा आवाज सोडायचा. डबे भिंतीपासून सुटे ठेवायचे, कोपऱ्यात कोंबायचे नाहीत, आणि त्यांच्यामध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर समोर मधोमध खुर्ची टाकायची. मग डोळे मिटले की डबे नाहीसे होतात. गाणारी बाई मध्ये बसलेली असते, जिथे प्रत्यक्षात नुसती भिंत आहे. तबला एका बाजूला जरा मागे, पेटी दुसऱ्या बाजूला. तिच्या पाठीमागे खोलीसुद्धा जाणवते. आज याला थ्री-डी की काय म्हणतात. आम्ही म्हणायचो, "बाई बसली."

पण बाई बसवून घ्यायची कोणाला होती! लोक स्पीकर आधी डोळ्यांनी निवडतात, मग शेजाऱ्याच्या डोळ्यांनी, आणि कान शिल्लक राहिले तर कानांनी. वर्ध्याच्या एका वकीलसाहेबांनी एक डबा दिवाणखान्यात आणि दुसरा झोपायच्या खोलीत लावून घेतला. "दोन्हीकडे गाणं झालं पाहिजे," म्हणाले. मी समजावून थकलो. पुलगावच्या एका साहेबांकडे फक्त आगगाडीची तबकडी होती. गाडी या भिंतीतून निघायची आणि त्या भिंतीत शिरायची. पाहुणे "वा वा" करायचे. त्यांच्याकडे मी गाणं कधी ऐकलं नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट करायला लावायचो. खुर्चीवर बसा, डोळे मिटा, आणि गाणारी कुठे बसली आहे ते बोटाने दाखवा. बोट मध्ये गेलं की स्पीकर आणि जागा दोन्ही बरोबर. डब्याकडे गेलं की काहीतरी चुकलं. एवढ्या वर्षांत ही परीक्षा मला कधी खोटी ठरलेली दिसली नाही. आर्वीला मात्र तिने मला पार दमवलं.

आर्वीचे मधुकरराव भोयर यांची जिनिंग फॅक्टरी होती. वाडवडिलांची शेती, आणि कापसातून सरकी वेगळी करण्याचा हा कारखाना त्यांनी स्वतः उभा केला होता. माणूस चाळिशीचा, अंगाने दांडगा, पण बोलणं इतकं हळू की दुकानात मला काउंटरवरून पुढे वाकावं लागायचं. एकदा मी त्यांना तसं म्हटलं. हसले. म्हणाले, "भाऊ, दिवसभर मशिनीच्या खडखडाटात वरडा लागते. मंग बाहेर आलो का आवाज काढावाच वाटत नाई."

अशा खडखडाटात राहूनही कान मात्र त्यांचा पक्का. दुकानाच्या मागच्या खोलीत मी त्यांना चार जोड्या ऐकवल्या. त्यांनी सगळ्यात मोठी जोडी सोडली, सगळ्यात चकचकीत सोडली, आणि मधल्या आकाराची, जिच्यावर मी सगळ्यात जास्त जीव लावला होता, तीच निवडली. डोळे मिटून बोट अगदी नाकासमोर धरलं आणि म्हणाले, "इथं. श्वास घेऊन राह्यली ते बी ऐकू येते." असं गिऱ्हाईक वर्षात एखादं भेटतं आणि त्याच्यावर बाकीचं वर्ष निघतं.

निघताना दारात थांबले. म्हणाले, "आमच्या घरी गाणं लागलं का बायको उठून सैपाकघरात जाते. गोंगाट वाट्टे म्हन्ते. तुमच्या या डब्बाईसमोर एकदा तिले बसवून पाहीन."

सरकी टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये डबे आणि तबकडीचं यंत्र घातलं आणि मीही त्यांच्याशेजारी बसून आर्वीला गेलो. नवं स्लॅबचं घर, मोठा हॉल, जमिनीवर सतरंज्या. सबंध सकाळ डबे पुढेमागे सरकवण्यात गेली. शेवटी बाई बसली. मधुकरराव खुर्चीत बसले, तबकडीची एक सबंध बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. मग उठून आत गेले आणि बायकोला घेऊन आले.

शकुंतलाबाई उंच, सावळ्या, हाताला कणीक लागलेली. बोलणाऱ्याकडे त्या टक लावून बघायच्या. पुढे कळलं, गावात काहीजण त्याला आगाऊपणा म्हणत. खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी तबकडी लावली आणि म्हणालो, "वहिनी, डोळे मिटा आणि गाणारी कुठे बसली ते बोटाने दाखवा."

त्यांनी लगेच उजव्या डब्याकडे बोट केलं.

"नीट ऐका, घाई नाही."

पुन्हा उजवीकडेच. मधुकरराव हसायला लागले. दाराशी त्यांच्या आई उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "तिचं ध्यानच नसते कुठी. मी वसरीतून हाक मारतो तं हे मागच्या आंगनात जाते. काय तं म्हने, तुमी तिकडून बोलावलं ना! मुद्दाम करते बाप्पा."

शकुंतलाबाई उठल्या आणि आत गेल्या. मी सामान आवरलं. मला वाटलं, ज्याची त्याची आवड.

काही दिवसांनी मधुकररावांचा माणूस दुकानात आला: डावा डबा बिघडला. बसने आर्वी गाठली. ऐकलं, तर डबा खणखणीत. मधुकरराव जरा ओशाळून म्हणाले, "मले तं बरोबर वाट्टे. पण ती म्हन्ते दबून वाजते." आणि मग अगदी हळू, पण चेहरा उजळून, "भाऊ, ती दुपारी एकटी ऐकते. मी फॅक्टरीत गेलो का लावते. रोज."

हे ऐकून मला बरं वाटलं. बाईंचा कान तीक्ष्ण असेल, आपल्याला न कळणारं काही त्यांना कळत असेल, असं समजून मी डाव्या डब्यातला बारीक आवाजाचा स्पीकर बदलून आलो. पुन्हा निरोप: अजून तसंच. या वेळी सबंध डबा उघडला, कापूस काढला, भरला, तारा बदलल्या. पुन्हा निरोप. मग मी डबेच अदलाबदल केले. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. शकुंतलाबाई दारातून ऐकत होत्या, म्हणाल्या, "आता हा दबला. तो बरा झाला."

जो डबा डावीकडे जाईल तो आजारी! धंद्यात मी असलं काही पाहिलं नव्हतं. खोलीचा दोष म्हणून डाव्या भिंतीवर सतरंजी टांगली, काढली. खिडकी उघडली, लावली. आर्वीच्या बसचे कंडक्टर मला ओळखायला लागले. "काय भाऊ, आज पुन्हा?" दुकान बंद ठेवून मी या हॉलमध्ये गुडघ्यांवर रांगत होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही आता आईंसारखंच वाटू लागलं होतं.

शेवटच्या त्या दुपारी घरात वातावरणच बिघडलेलं होतं. आई म्हणाल्या, "घेऊन जा तुमचे डब्बे. जवापासून आले तवापासून कटकट हाय." मधुकररावांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "शकुन, सगळ्याइले बरोबर ऐकू येते, तुलेच काऊन नाई येत? आवडत नसन तं सांग, मी काढून टाकतो. पण या मानसाले काऊन हेलपाटे घालाले लावून राह्यली?"

"मले आवडते," त्या म्हणाल्या. "म्हनूनच तं सांगून राह्यली."

मधुकरराव ताडकन उठून अंगणात गेले. आई आत गेल्या. हॉलमध्ये आम्ही दोघेच उरलो. मी म्हणालो, "बसा वहिनी, एकदा शेवटचं ऐकू. मग मी डबे घेऊन जातो." खरंच तसं ठरवलं होतं. भांडण लावणारी वस्तू विकून मला काय करायचं होतं?

तबकडी लावली. सुरुवातीची संथ आलापी, अगदी हलका आवाज. शकुंतलाबाई खुर्चीत बसल्या. दमल्या होत्या. खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून त्यांनी उजवा गाल तळहातावर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आवाज काऊन कमी केला?"

मी यंत्राला हातसुद्धा लावला नव्हता. "नाही केला."

त्यांनी मान वर केली. हात कानावरून निघाला. "आता केला ना मोठा?"

मी नाही म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच उजव्या कानावर हात ठेवला, काढला. पुन्हा ठेवला, काढला. मग डाव्या कानावर ठेवला. डाव्यावर ठेवताना चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. त्यांनी तो कान बोटाने घट्ट दाबला. तबकडी चालूच होती. किती वेळ त्या तसं करत राहिल्या, कोण जाणे.

शेवटी डाव्या कानातल्या कुडीला हात लावून म्हणाल्या, "भाऊ, हा कान नुसता कुडी घालाले देल्ला वाट्टे देवानं."

मी यंत्र बंद केलं.

"तुमाले दोन्ही कानानं येते ऐकू?"

"हो."

"सगळ्याइले?"

"हो वहिनी. बहुतेक सगळ्यांनाच."

"मंग हाक मारली का तुमाले समजते, कुठून मारली ते? न पाहता?"

मी मान हलवली. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "मले वाटे, सगळे जन अंदाजानंच जातात. आपलाच अंदाज चुकते." मग जरा वेळाने, "तुमी म्हणत होते बाई मधात बसली, तबला तिकडं. ते खरंच तसं ऐकू येते का? मले वाटलं बोलाची पद्धत हाय तुमची."

मी सांगायचा प्रयत्न केला. समोर बाई, तिच्या मागे खोली, खोलीत हवा. पण ज्याने कधी दोन्हीकडून ऐकलंच नाही त्याला मधली जागा कशी दाखवायची? हजार गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगितलेलं सगळं माझ्या जिभेवर अडखळायला लागलं. त्यांनीच मला थांबवलं. "राहू द्या. यायले बोलवा."

मधुकरराव अंगणातून आले. आईही दारात आल्या. शकुंतलाबाईंनी जे झालं ते साध्या शब्दांत सांगितलं आणि उजवा कान झाकून म्हणाल्या, "आता बोला." मधुकरराव काहीतरी बोलले. त्यांच्या नेहमीच्या आवाजात. बाईंनी मान हलवली: नाही.

आईंचा पहिला शब्द होता, "तुह्या बापानं लग्नात सांगतलं नाई हे."

"मलेच ठाव नव्हतं आई. बापाले कुठून असन?" लहानपणी गालफुगी आली होती, ताप उतरत नव्हता, एवढं त्यांना आठवत होतं. नंतर वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांनीही तेच कारण धरलं. आतली नस तेव्हाच गेली असावी, आता उपाय नाही, दुसरा कान जपा. पण ते नंतर.

त्या दुपारी मधुकरराव सतरंजीवरच बसले, खुर्चीच्या पायाशी. मी तारा गुंडाळायच्या निमित्ताने पाठ केली होती. बाहेर जायचं तर दारात आई उभ्या. त्यामुळे ते जे बोलले ते मला ऐकावं लागलं.

"लग्न झालं तवा मी तुह्याशी लय बोलो. घर लहान होतं, मानसं भरलेली, म्हनून कानात बोलो. तू तोंड वळवून पडलेली राहे. एक दिवस नाई, दोन दिवस नाई. मले वाटलं, इले आपन पसंत नाई. मंग मी बंदच केलं बोलनं."

शकुंतलाबाई म्हणाल्या, "मले वाटे तुमाले बोलालेच आवडत नाई."

एवढंच. कोणी रडलं नाही. आई दारातून बाजूला झाल्या आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने आईंनी चहा आणला, माझ्यापुढे ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी लय बोललो तिले. चार बायाइसमोर बी बोललो." मी चहा प्यालो.

डबे मी परत नेले नाहीत. मधुकरराव म्हणत होते की घेऊन जा, तिला जे मिळत नाही ते मी एकट्याने कशाला ऐकू. पण बाईंनी ठाम सांगितलं, "ठेवा. जेवढं येते तेवढं बी चांगलं हाय." मग मी यंत्रावरचं एक बटन दाखवलं. ते दाबलं की दोन्हीकडचा आवाज एक होतो आणि सगळं दोन्ही डब्यांतून सारखं येतं. त्यामुळे डावीकडचं वाद्य दबून राहत नाही. ज्या बटनाला मी गिऱ्हाइकांना हात लावू द्यायचो नाही, कारण ते दाबलं की माझी सगळी मेहनत मातीत, तेच मी त्यांना दाबायला शिकवलं. दाबून त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हां. आता पेटी आली."

पुढे धंदा उतरत गेला. कॅसेटचे टू-इन-वन आले, बाजारात भाजीच्या पाट्यांशेजारी मिळायला लागले. गाणं स्वस्त झालं, हे चांगलंच झालं; पण खुर्ची टाकून ऐकायला कोणाला सवड राहिली नाही. सुतार गेला. मुंबईचा माल यायचा थांबला. मी पुन्हा रेडिओ आणि टीव्ही उघडायला लागलो. कोणी जुना डबा दुरुस्तीला आणला तर आतला कापूस पिवळा पडलेला दिसायचा, उंदरांनी ओढलेला. लोक म्हणायचे, "भाऊ, नुसता वाजला पाह्यजे, बाकी काही नको." मीही नुसता वाजता करून द्यायचो. थकलेला माणूस लवकर ऐकतो लोकांचं.

दुकान बंद करायच्या आधीच्या हिवाळ्यात मधुकररावांचा निरोप आला, यंत्रातून घरघर येते. गेलो. आई वारल्या होत्या. हॉल तसाच होता, डबेही तसेच, कोणीतरी रोज पुसत असणार. एक कपॅसिटर फुगला होता, बदलला. घरघर गेली. बघण्यासाठी तबकडी लावली आणि सवयीने खुर्चीकडे वळलो.

आता तिथे दोन खुर्च्या होत्या, एकमेकींना चिकटून. मधली जागा शकुंतलाबाईंच्या खुर्चीला होती. मधुकररावांची खुर्ची तिच्या उजवीकडे, जवळजवळ उजव्या डब्याच्या तोंडाशी. तिथून त्यांना एका बाजूचाच गलका ऐकू येणार. ज्या माणसाने गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकून जोडी निवडली होती, तो अशा जागी बसलेला मला बघवेना. मी म्हणालो, "मधुकरराव, तुमची खुर्ची चुकली. इथे बाई बसायची नाही. जरा मागे घेऊन मध्ये..."

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "जागा बरोबर हाय."

शकुंतलाबाई हात पुसत आल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. गाणं सुरू झालं, पेटी आली. मधुकरराव त्यांच्या उजव्या कानाकडे झुकले आणि बोट डाव्या भिंतीकडे करून आपल्या त्या नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणाले. मी पिशवी घेऊन दारात उभा होतो, मला एक अक्षर कळलं नाही. शकुंतलाबाईंना कळलं. त्यांनी डोळे न उघडता बरोबर तिकडे मान वळवली आणि हसल्या.